उलूक, आउल आणि घुबड : या शब्दांचे मूळ एकच आहे का?

प्रश्न

संस्कृतात ‘उलूक’, हिंदीत ‘उल्लू’, जर्मनमध्ये ‘ऑयले’ आणि इंग्रजीत ‘आउल’ हे शब्द एकाच पक्ष्याचे वाचक आहेत, हे लक्षात आल्यावर त्या सर्वांचा उगम एखाद्या प्राचीन इंडो-युरोपीय शब्दात असावा, असा तर्क सहज मनात येतो. मराठीतील ‘घुबड’ मात्र या ओळीत कोठेच बसत नाही. उलूक आणि आउल हे खरोखर सगोत्र शब्द आहेत का, आणि ‘घुबड’ कोठून आला? शिवाय, तोंड लपवणाऱ्या माणसाला आपण ‘दिवाभीत’ म्हणतो. हा शब्द मुळात याच पक्ष्याचा आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

इंग्रजीपासून सुरुवात करतो. ‘आउल’चे प्राचीन इंग्रजीतील रूप ‘ऊले’ असे होते. पुढे त्या भाषेतील दीर्घ ‘ऊ’चा उच्चार ‘आउ’ असा पालटला. ‘हूस’चे ‘हाउस’ आणि ‘मूस’चे ‘माउस’ झाले ते याच बदलामुळे. लॅटिनमध्ये घुबडाला ‘उलुला’ म्हणत आणि ‘उलुलारे’ म्हणजे विव्हळणे, हेल काढून ओरडणे. म्हणजे लॅटिनमध्ये तरी पक्ष्याचे नाव आणि त्याचे ओरडणे यांचा संबंध उघडच दिसतो.

आता सगोत्रतेविषयी. दोन भाषांतील शब्द नुसते सारखे ऐकू येतात एवढ्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. त्यांच्यातील फरक नियमाने पडलेला असावा लागतो. ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’ आणि इंग्रजी ‘फादर’ यांचे नाते मान्य होते, कारण संस्कृत-लॅटिनमधील आरंभीच्या ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो आणि तसाच तो इतर अनेक शब्दांतही येतो. उलूक, उलुला आणि ऊले यांत अशी कसोटी लावायला फारसे काही हाती लागत नाही, कारण तिन्हींत समान आहेत ते केवळ ‘उ’कार आणि ‘ल’. त्यातही एक अडचण आहे. मूळ ‘ल’काराच्या जागी वैदिक भाषेत पुष्कळदा ‘र’ येतो. प्रकाशवाचक लॅटिन ‘लूक्स’चा संस्कृतातील आप्त ‘रुच्’ हा धातू आहे. उलूकातील ‘ल’ मात्र टिकून राहिला आहे. पक्ष्याचा आवाज कानांवर सतत पडत असल्यामुळे नाव त्या आवाजाशी बांधलेले राहिले आणि ध्वनिनियमांच्या कक्षेबाहेर पडले, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

याला बळकटी देणारी गोष्ट म्हणजे लॅटिनमध्येच मोठ्या घुबडासाठी ‘बूबो’ हा दुसरा शब्द आहे आणि अरबीत घुबडाला ‘बूम’ म्हणतात. या दोन भाषांचे कूळ एक नाही. घुमणारा आवाज ऐकून ज्याने त्याने आपापल्या परीने नाव ठेवले, तर साम्य यायचेच.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. त्यात संस्कृतच्या बाजूने थोडी भर घालतो. ‘उलूक’ हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे. दहाव्या मंडलातील १६५व्या सूक्तात ‘यदुलूको वदति मोघमेतत्’ असे शब्द येतात. उलूक जे बोलतो ते व्यर्थ ठरो, अशी ती प्रार्थना आहे. येथे क्रियापद ‘वदति’ आहे, याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. घुबडाचे डोळे नाहीत, रूप नाही, उड्डाण नाही. ऋषीला खटकते ते त्याचे बोलणे.

व्याकरणपरंपरेने हा शब्द ‘वल्’ धातूपासून, ‘व’चे संप्रसारणाने (अर्धस्वराच्या जागी स्वर येण्याने) ‘उ’ करून सिद्ध केला आहे. रूप बसते, पण नाव ठेवणाऱ्याच्या मनात तो धातू असेल, हे मला पटत नाही. त्यापेक्षा प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काचे मत अधिक मोलाचे आहे. ‘निरुक्त’ या आपल्या ग्रंथात ‘काक’ शब्दाविषयी बोलताना तो म्हणतो की ही ‘शब्दानुकृति’, म्हणजे आवाजाचे अनुकरण, आहे आणि पक्ष्यांच्या नावांत ती विपुल आढळते. औपमन्यव या दुसऱ्या आचार्याला हे मान्य नव्हते, हेही यास्कच नोंदवतो. म्हणजे आपण आज करीत असलेली चर्चा तेव्हाही रंगलेली होती!

अमरकोशात उलूकाला वायसाराति (कावळ्यांचा शत्रू), पेचक, दिवान्ध, कौशिक, घूक, दिवाभीत आणि निशाटन ही नावे दिली आहेत. यांतील ‘घूक’ हे मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘घूक’पासून ‘घुबड’ झाला असे म्हणावे, तर मधला ‘ब’ कोठून आला, याचा उलगडा कृपया करावा.

प्रतिसाद ३

प्राकृतात स्वरांमधला ‘क’ लोपतो, त्यामुळे ‘घूक’चे ‘घूअ’ होते. त्याला ‘ड’ प्रत्यय लागला. चर्मापासून ‘चामडे’ आणि अंत्रापासून ‘आतडे’ होताना लागलेला ‘ड’ तोच. दोन स्वरांमध्ये ‘व’ शिरला की गुजरातीतील ‘घुवड’ तयार होते. येथपर्यंतची वाट सरळ आहे.

‘ब’ची वाट मात्र मला दक्षिणेकडे जाताना दिसते. कन्नडमध्ये घुबडाला ‘गूबे’ म्हणतात आणि तेलुगूतही ‘गूब’ हे रूप आहे. मराठी आणि कन्नड यांचा शतकानुशतकांचा सहवास पाहता, ‘घुवड’सारख्या रूपावर ‘गूबे’चा संस्कार होऊन ‘घुबड’ स्थिरावला असावा, असे माझे मत आहे. ‘घ’ एकीकडचा आणि ‘ब’ दुसरीकडचा, पण दोन्ही शब्द मुळात त्याच घुमणाऱ्या आवाजाचे अनुकरण असल्याने ते एकमेकांत सहज मिसळले.

सगळीच घुबडे घुमत नाहीत, हेही येथे सांगायला हवे. गव्हाणी घुबड कर्कश चिरकते. ग्रीक व लॅटिनमधील ‘स्ट्रिक्स’ हे नाव अशाच किंचाळण्यावरून पडले आणि लॅटिनमध्ये त्याला चेटकिणीचा अर्थही चिकटला. इटालियन भाषेत चेटकिणीला ‘स्त्रेगा’ म्हणतात, तो शब्द याच नावातून आला आहे.

प्रतिसाद ४

‘दिवाभीत’विषयी थोडेसे. होय, तो घुबडाचाच पर्यायशब्द आहे. ‘दिवा’ म्हणजे दिवसा. दीपाशी त्याचा संबंध नाही. ‘दिवान्ध’ हे नाव वस्तुस्थितीला धरून नाही, कारण घुबडाला दिवसाही दिसते आणि पिंगळा तर उजेडात वावरतानाही आढळतो. ‘दिवाभीत’ अधिक योग्य आहे, कारण दिवसा बाहेर पडलेल्या घुबडामागे कावळे हात धुऊन लागतात आणि त्याला ढोलीत दडावेच लागते.

शब्दाचा लाक्षणिक वापरही जुना आहे. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयाचे वर्णन करताना कालिदास म्हणतो, ‘दिवाकराद्रक्षति यो गुहासु लीनं दिवाभीतमिवान्धकारम्’. सूर्यापासून दडण्यासाठी गुहांत शिरलेल्या अंधाराचे हा पर्वत रक्षण करतो, आणि तो अंधार ‘दिवाभीतासारखा’ आहे. येथे दिवसाला भ्यालेला आणि घुबड हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, आणि मराठीत माणसाला ‘दिवाभीत’ म्हणताना आपण नेमके हेच दोन्ही अर्थ एकत्र वापरतो.