सौदे बंद आहेत तोवर टॅलीचा माणूस बदलायचाय

आडतवाली_तासगाव

नमस्कार मंडळी. तासगावात आमची बेदाण्याची आडत आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली, गेली अकरा वर्षं हिशेब मी बघते. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली गोल्ड आहे आणि चार कॉम्प्युटर जोडलेले. पण आमची टॅली दुकानात मिळते तशी नाही. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, काढताना लॉट नंबर, बॉक्स, तूट, हमाली, तोलाई, कोल्ड स्टोअरेजचं भाडं हे सगळे रकाने एकाच पडद्यावर येतात. बॉक्सच्या रकान्यात ४२ टाकलं की पंधराच्या हिशेबानं ६३० किलो आपोआप बसतात आणि कर्सर उडी मारून थेट तुटीवर जातो. आमच्या सपोर्टवाल्या दादांनी हे २०११ साली आमच्याच ऑफिसात बसून केलं. शेजारी सासऱ्यांची वही उघडी होती आणि रकाने त्या वहीतल्याच क्रमानं लागलेत.

दादा म्हणजे घरचाच माणूस. टॅली ७.२ होती तेव्हापासून येतात. सासरे गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी दारात हजर होते. आता मात्र ते दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गुंतलेत आणि आमच्यासारखी जुनी गिऱ्हाइकं भाच्याकडे सोपवलीत. भाचा फोन उचलत नाही. उचललाच तर "मॅडम, व्हॉट्सॲपला टाका." टाकलं की दोन निळ्या रेघा येतात आणि तिथंच संपतं.

गेल्या महिन्यात कहर झाला. रात्री नऊला ऑफिसात एकटीच जमाखर्च बघत बसले होते. माऊसला हात लावलेला नव्हता तरी बाण सरकायला लागला. आपोआप टॅली बंद झाली, फोल्डर उघडले, काहीतरी कॉपी झालं. माझ्या अंगावर काटाच आला. भाच्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, आमचा मुलगा अपडेट टाकतोय, एनीडेस्कवरून." लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर ते. सांगायची पद्धत नाही का? दुसऱ्या दिवशी सौदा होता, आणि पट्टीवर हमालीचा आकडा शेतकऱ्याच्या नावावर छापून यायला लागला. समोर माणसं खोळंबलेली. सतरा पट्ट्या मी हातानं लिहिल्या.

आता दिवाळीचं झिरो पेमेंट, म्हणजे जुनी येणी-देणी शून्यावर आणणं, चालू आहे, सौदे बंद आहेत. माणूस बदलायचा तर हीच फट. मिरजेचे एक जण बघून गेले. ते म्हणतात, टॅलीत नवीन कंपनी, म्हणजे कोरी वही, उघडू, रकाने नव्यानं बनवू, जुना डेटा नुसता बघायला ठेवा. हे मला पटत नाही. मागच्या सालातल्या लॉटचा माल अजून कोल्ड स्टोअरेजला पडलाय, त्याचं भाडं कुठून धरायचं?

आणि खरं सांगायचं तर लायसन नक्की कुणाच्या नावावर आहे हेही मला माहीत नाही. दरवर्षी "रिन्यूअल" म्हणून भाचा रक्कम सांगतो, मी चेक देते. दादांना काय आणि कसं सांगू तेही कळत नाहीये.

टीडीएल_रात्रपाळी

ताई, आधी एफ१ दाबून अबाउटमध्ये जा. तिथं सिरीयल नंबर, अकाउंट आयडी आणि टीएसएस, म्हणजे टॅली कंपनीची वर्गणी, कधीपर्यंत आहे हे तिन्ही दिसेल. सगळं त्या अकाउंट आयडीवर आहे. तो ईमेल तुमचा असेल तर पार्टनर, म्हणजे टॅली विकणारा-सांभाळणारा माणूस, बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, पुढचं रिन्यूअल कुठल्याही पार्टनरकडून करा. ईमेल दादांचा असेल तर त्यांच्याकडून गोडीत बदलून घ्या. नाहीच ऐकलं तर खरेदीचं बिल घेऊन टॅलीच्या कस्टमर केअरकडे जाता येतं, पण त्यात दिवस मोडतात.

आता रकान्यांचं. तुमची पट्टी म्हणजे टीडीएल आहे, टॅलीत हवे तसे बदल करायच्या भाषेत लिहिलेली फाइल. एफ१, मग टीडीएल्स अँड ॲड-ऑन्स, तिथं फाइलचं नाव दिसेल. शेवटी टीसीपी असेल तर ती बंद डबी समजा. चालते, पण उघडून दुरुस्त करता येत नाही. दुरुस्तीला मूळ सोर्स लागतो, साधी टेक्स्ट फाइल असते. ती मागा.

सोर्स नाहीच मिळाला तरी डेटा कुठं जात नाही. मिरजेच्या साहेबांनी हे सांगायला हवं होतं. बॉक्स, तूट, लॉट हे तुम्ही भरलेले आकडे व्हाउचरमध्येच, म्हणजे टॅलीतल्या नोंदीतच, बसलेत. प्रत्येक रकान्याला मागे एक नंबर असतो, यूडीएफ नंबर. नव्या माणसानं तोच नंबर आणि तोच प्रकार, म्हणजे अंक असेल तर अंक, मजकूर असेल तर मजकूर, असं धरून टीडीएल लिहिली की २०११ पासूनचं सगळं पडद्यावर परत येतं. नंबर चुकला तर रकाने मोकळे दिसतात आणि लोक समजतात डेटा उडाला. नंबर माहीत नसतील तर एखादी जुनी पट्टी एक्सएमएल फाइलमध्ये एक्सपोर्ट करा, त्यात ते इंडेक्स म्हणून दिसतात. नवीन कंपनी उघडायची काही गरज नाही. ज्याला हे जमत नाही तो नवीन कंपनी उघडायला सांगतो.

सूतवाला_इचलकरंजी

वहिनी, आमचं उदाहरण घ्या. सूत काउंट आणि कोन नंबरचे रकाने असेच बनवून घेतले होते. सपोर्टवाल्याशी आधी कडाक्याचं भांडण केलं, एएमसीचे, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे, पैसे अडवले, आणि मग त्याच्याकडे सोर्स मागायला गेलो. त्यानं कशाला द्यावा? "हार्डडिस्क उडाली" म्हणाला. उडालीही असेल. तेव्हा भाच्यावरचा राग चार दिवस डबीत ठेवा. दादांना भेटा, आणि जाताना मोकळ्या हातानं जाऊ नका, दिवाळी आहे.

निवृत्त_हिशेबनीस

तीन गोष्टी कुणी बोललं नाही.

तुम्ही रिन्यूअल म्हणता त्यात दोन वेगळ्या रकमा मिसळल्यात. टीएसएस ही टॅली कंपनीची वर्गणी. एएमसी हा पार्टनरचा मेहनताना. बिल फोडून मागा. टीएसएस तुमच्या सिरीयल नंबरवर भरलेली असते, पार्टनर बदलला म्हणून ती बुडत नाही. एएमसीचे उरलेले महिने सोडून द्या, त्यावरून वाद घालू नका.

दुसरं. उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्ही जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये आहात. टॅलीतून थेट आयआरएन, म्हणजे बिलाचा सरकारी नंबर, निघत असेल तर पोर्टलवर एपीआय युजर, म्हणजे टॅलीला पोर्टलशी जोडणारं लॉगिन, कुणीतरी तयार केलाय, आणि मी पैज लावतो की तो तुम्ही केलेला नाही. पासवर्ड बदला. एनीडेस्कचा कायमचा पासवर्ड तर आजच काढा. जो माणूस न सांगता रात्री नऊला आत येतो, तो दहालाही येईल.

तिसरं. बॅकअप घेतलाय असं म्हणू नका, उघडून बघितलाय असं म्हणा. घरच्या लॅपटॉपवर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे बिनलायसनची, टाका, त्यात रिस्टोर करा आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद काढून सीएच्या कागदाशी ताडून बघा. आणि टॅलीव्हॉल्ट, म्हणजे डेटाला पासवर्डचं कुलूप, लावलेलं असेल तर तो पासवर्ड कुणाकडे आहे ते सगळ्यात आधी विचारा. तो हरवला की टॅली कंपनीसुद्धा उघडून देत नाही.

आडतवाली_तासगाव

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत बरंच झालं, म्हणून लिहिते.

एफ१ दाबलं. अकाउंट आयडी बघून हसावं की रडावं कळेना. दादांच्या जुन्या दुकानाच्या नावाचा ईमेल, जो दुकान बंद झाल्यावर कुणी उघडलेलाच नाही. इतकी वर्षं चाळीस-पन्नास कोटींचे सौदे ज्यात लिहिले त्याची किल्ली अशा पेटीत.

दादांकडे गेले. पिशवीत दोन किलो हिरवा बेदाणा होता, आमच्याकडे मोकळ्या हातानं जायची पद्धत तशीही नाही. वाटलं होतं चिडतील. मी म्हटलं, "दादा, मी माणूस बदलतेय, तुमच्यावर रुसून नाही." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भाच्याला टॅली येते गं, धंदा येत नाही. पट्टी म्हणजे काय हे त्याला अजून कळलेलं नाही." चहा होईस्तोवर त्यांनी जुन्या ईमेलचा पासवर्ड रीसेट केला, त्याला ओटीपी यायचा तो नंबर नशिबानं चालू होता. अकाउंट आयडी आता आमच्या फर्मच्या ईमेलवर आहे.

सोर्स मात्र खरंच गेलाय. २०१९ च्या पुरात सांगलीतलं त्यांचं दुकान पाण्यात होतं, कॉम्प्युटर त्यातच गेला. पण रकान्यांचे नंबर त्यांनी एका डायरीत लिहून ठेवलेले, आणि डायरी माळ्यावर होती. बॉक्स १००५, तूट १००७, लॉट १००४. पान पिवळं पडलंय, पण अक्षर अजून वाचता येतं.

मिरजेच्या साहेबांना डायरी दाखवली तर ते जरा वरमले. त्यांच्याकडे टीडीएल लिहिणारा एक मुलगा आहे, त्याच्याशीच बोलले. त्यानं डेटाच्या कॉपीवर काम केलं, आमच्या चालू डेटाला हात लावला नाही. काल संध्याकाळी २०१४ ची एक पट्टी उघडली, ४२ टाकून बघितलं, ६३० बसले. कर्सर मात्र तुटीवर न जाता हमालीवर जातोय. मुलगा म्हणाला दोन दिवसांत करतो. पाडव्यानंतर सौदे सुरू व्हायच्या आत झालं म्हणजे मिळवली.

एनीडेस्क काढलंय. हिशेबनीस काका, पैज तुम्ही जिंकलात, एपीआय युजरला भाच्याचंच नाव होतं.

एक गोष्ट अडलीय, रात्रपाळीवाल्यांना विचारते. एक्सएमएलमध्ये त्या मुलाला १०१३ नंबरचा एक रकाना सापडला, जो डायरीत नाही आणि आमच्या पडद्यावरही मी कधी बघितलेला नाही. २०११ ते २०१५ च्या पट्ट्यांत तो भरलेला आहे. त्यात नावं आहेत. अमक्या गावचा तमका, असं. मला वाटलं जामीनदार असतील. रात्री सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, "अगं, हा शेतकरी कुणाच्या ओळखीनं आपल्याकडे आला ते. तुझे मामंजी ते लिहायचेच. दर फटकून पडला की आधी त्या मधल्या माणसाला फोन करायचे." दादांना विचारलं तर त्यांना एवढंच आठवतं की सासऱ्यांनंतर तो रकाना कुणी भरेना, म्हणून त्यांनी तो पडद्यावरून काढून टाकला. मला ते सांगितलंही असेल, त्या दिवसांत काही ऐकू येत नव्हतं.

मिरजेचे साहेब म्हणतात कशाला अडगळ. मला तो परत हवाय, लॉट नंबरच्या खाली. जुनी नावंही दिसायला हवीत. होईल का?

टीडीएल_रात्रपाळी

होईल. मजकूर आहे म्हणजे टाइप स्ट्रिंग, नंबर तोच १०१३. चार ओळींचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. आणि त्या मुलाला सांगा, या वेळी सोर्स तुमच्या ईमेलवर टाकून मगच घरी जा.