उघड्यावरचं अमूर्त मातीशिल्प: बेळगावच्या पावसात टिकायला काय काय करावं?

परसातली_माती
नमस्कार मंडळी. परसबागेत ठेवायला साधारण 4 फूट उंच, पिळ घेत वर जाणारं, आतून पोकळ असं अमूर्त शिल्प घडवायचं आहे. रंग द्यायचा नाही, भाजल्या मातीचा तांबूसपणाच हवा. 2 फुटी नमुना भट्टीत फुटला. त्याची भिंत बुडाशी 6 सेंटिमीटर आणि वर 2 होती, माती चाळलेली नव्हती. जे तुकडे वाचले त्यांच्यावर पंधरा दिवसांनी पांढरे ठिपके येऊन टवके उडाले. माती, भाजणी आणि उभारणी, तिन्हीबद्दल सांगा.

खानापुरी_आवा
टवके उडाले ते चुनखड्यांमुळे. मातीतला चुनखडा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो. नंतर तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरचा थर उचलून फेकतो. कितीही घोटून काढलंत तरी हे थांबत नाही. माती पाण्यात विरघळवून 30 मेशच्या (इंचाला 30 भोकांच्या) चाळणीतून गाळा. आधी थोड्या मातीवर लिंबू पिळून बघा, बुडबुडे आले तर ती माती सोडून द्या. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत चुनखडे जास्त असतात आणि ती वाळताना आकसतेही फार. खानापूर हे कुंभारकामाचं जुनं ठिकाण, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे. मातीची चौकशी तिकडूनच सुरू करा.

मोठ्या कामाला नुसती माती चालत नाही. 4 भाग मातीला 1 भाग भाजक्या खापराचा चुरा घाला. दाणा जाड रव्यापासून बाजरीएवढा असावा, पीठ चाळून टाकावं. चुऱ्यामुळे आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते आणि आकसणं कमी होतं. मिश्रणाची एक पट्टी करून तिच्यावर 10 सेंटिमीटरची रेघ मारा आणि भाजून मोजा. 9 भरली तर 120 सेंटिमीटरच्या शिल्पासाठी 133 चं घडवावं लागेल.

भिंत सगळीकडे 2 ते अडीच सेंटिमीटर ठेवा. जाड भाग उशिरा वाळतो, पातळ आधी आकसतो, आणि तडा बरोबर त्यांच्या सांध्यावर जातो. वळ्या (मातीच्या लांब गुंडाळ्या) एकावर एक चढवून दिवसाला 10-12 सेंटिमीटरच उंची वाढवा. प्रत्येक वळीखाली खरवडून पातळ चिखल लावा, नाहीतर वळी नुसती टेकते, धरत नाही. एकसंध 4 फूट करूच नका, 3 भाग करा. मंगळुरी कौल खालच्या कौलावर चढतं तशी वरच्या भागाची पाळ खालच्याच्या बाहेरून उतरली पाहिजे, म्हणजे पाणी सांध्यात शिरत नाही. प्लास्टिक झाकून सावलीत किमान 3 आठवडे वाळवा.

भट्टी_आणि_धूर
वर माती सांगून झाली, मी भाजणीचं सांगतो. उघड्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्यावरच्या भट्टीत, आच सारखी लागत नाही आणि माती कच्ची राहते. कच्ची माती पाणी पिते. ताप मोजता येईल अशी भट्टी बघा. 120 अंशांपर्यंत 8 तास घ्या. धुराड्याच्या तोंडाशी थंड आरसा धरा. त्यावर वाफ जमत असेल तर अजून ओल आहे, आच वाढवू नका. जाड बुडाचा नमुना बहुतेक इथंच फुटतो. पुढं तासाला 50-60 अंश. 573 अंशांच्या आसपास मातीतली गार (गारगोटीचे कण) एकदम फुगते, तिथं चढतानाही सावकाश आणि उतरतानाही सावकाश. 600 च्या पुढं तासाला 100 चालतील. 1000 वर तासभर धरून ठेवा. भट्टी 100 च्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

भाजलेला कोरडा तुकडा 500 ग्रॅमचा घ्या, 24 तास पाण्यात ठेवा, पुसून तोला. 550 भरला तर 10 टक्के पाणी प्यायलं, आपल्याकडे तेवढं चालतं. 575 च्या वर गेला तर भाजणी कमी पडली.

बागेतला_गवंडी
उभारणी सोपी आहे की. आत लोखंडी सळी उभी करून सिमेंटचा माल ओता, वाऱ्यानं हलणार नाही.

खानापुरी_आवा
दादा, असं नका सांगू. सळी गंजली की फुगते आणि बाहेरची माती फोडते. माल आत ओल धरून ठेवतो आणि एक भाग फुटला तर सगळंच मोडावं लागतं. 25 मिलिमीटरचा स्टेनलेस पाइप चौथऱ्यात 30 सेंटिमीटर गाडा आणि तिन्ही भाग त्यावर ओवा. बुडाशी 12 मिलिमीटरची दोन भोकं ठेवा, ती घडवतानाच पाडायची. सांध्यात रबराची चकती घाला, सिमेंट नको. वरचं तोंड टोपी घालून बंद करा. तिन्ही भाग मिळून वजन साधारण 65-70 किलो भरेल, प्रत्येक भाग दोघांना सहज उचलता येतो.

परसातली_माती
चौथरा जांभ्याचा चालेल का? जमीन काळी आहे.

भट्टी_आणि_धूर
जांभा ओल वर ओढतो आणि बुडाला लोणा लागतो. काळ्या दगडाची लादी वर घाला, तिला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्या, नाहीतर वर्षभरात शिल्प कलेल. जागा निवडताना नैर्ऋत्येच्या झडीला पाठ मिळेल असं बघा. अमूर्त आकाराला सावलीच रूप देते, म्हणून पिळाची खोल बाजू सकाळी 8-9 च्या तिरप्या उन्हाला तोंड करून ठेवा. दुपारी 12 ला तीच बाजू सपाट दिसते.

वर चकाकणारं वार्निश लावू नका, ओल आत कोंडते आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. पावसाळ्यात शेवाळ धरेल. ते दिवाळीच्या आसपास वाळलं की नायलॉनच्या मऊ ब्रशानं आणि साध्या पाण्यानं काढा. ॲसिड वापरू नका. बुडाची भोकं मात्र मेच्या शेवटी तारेनं मोकळी करून ठेवा, त्यांत कुंभारमाश्या मातीची घरटी करतात.