उपासनेत पुस्तकातली गीते हवीत की पडद्यावरची?

तापीकाठ, भुसावळ
रविवारी चर्चमध्ये नव्या गीतांचे शब्द पडद्यावर दाखवतात आणि 'उपासना संगीत' हे मराठी गीतांचे पुस्तक उघडायची सवयच मोडत चालली आहे. माझे मत असे: दर उपासनेत निदान दोन गीते पुस्तकातली घ्या, कडवी न गाळता म्हणा आणि गायकांचे माइक बंद ठेवा. चार जण माइकवर गातात आणि बाकीची मंडळी टाळ्या वाजवते, त्याला मंडळीचे गायन कसे म्हणायचे? शिवाय गीत रविवारपुरते नसते. दफनविधीला कब्रस्तानात पडदा नसतो, दुखणाइताच्या उशाशी कीबोर्ड नसतो. तिथे पाठ असलेलेच ओठावर येते, आणि पाठ होते ते तेच गीत त्याच चालीत वर्षानुवर्षे म्हटल्याने. दर महिन्याला चार नवी गीते आणली तर एकही पाठ होत नाही.

धुळेकर
पाठांतराचे पटले, पुस्तकाचे सरसकट नाही. त्यातल्या कितीतरी अनुवादित गीतांत चाल परदेशी आणि शब्द मराठी. ह्रस्व अक्षरावर दोन-दोन मात्रा थांबावे लागते, शब्द मधेच तुटतो, अर्थ निसटतो. मुले गप्प बसतात त्याचे कारण हेही आहे. नव्या गीतांची भाषा तरी रोजच्या बोलण्यातली असते.

तापीकाठ, भुसावळ
मग टिळकांची गीते घ्या ना! रेव्हरंड ना. वा. टिळकांचा (१८६१–१९१९) बाप्तिस्मा १८९५चा. त्यांनी अभंग आणि ओवी चर्चमध्ये आणली. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत ते शब्द कुठेही ओढावे लागत नाहीत. पुस्तक एकच असले तरी त्यात दोन्ही परंपरा आहेत, निवड आपण चुकीची करतो.

पेटी-तबला, चोपडा
दोघेही सुराबद्दल बोलतच नाही, आणि मंडळी गप्प होते ती बहुतेक वेळा सुरामुळे. वादक स्वतःच्या गळ्याला सोयीचा सूर धरतो. तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या 'ग'पर्यंत) जाणारे गीत काळी दोनवर (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला 'सा' मानून) धरले तर टोक पांढरी पाचवर जाते. तिथे बाया-पुरुष दोघांचेही गळे थकतात, लोक ओळ सोडून देतात. तेच खालच्या काळी पाचवर धरा, टोक पांढरी दोनवर येते आणि सगळे गातात. त्यामुळे आधी गीतातला सर्वांत उंच स्वर शोधायचा, तो वरच्या पांढरी दोनपुढे जाऊ द्यायचा नाही, आणि त्यावरून 'सा' ठरवायचा.

दुसरे, कीबोर्डचा तयार ठेका. ओळीच्या शेवटी मंडळी श्वास घेते, यंत्र थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत मंडळी मागे आणि ठेका पुढे. तबलजी असेल तर तो लोकांचे ऐकून सम (ठेक्याची पहिली मात्रा) धरतो. हे जुन्या गीतालाही लागू, नव्यालाही.

नवापूर-विसरवाडी
तुमच्या वादात आमची अर्धी मंडळी बसतच नाही. इथे घरात मावची ही आदिवासी बोली बोलतात, वर धडगावकडे पावरी. म्हाताऱ्यांना पुस्तक वाचता येत नाही, पडदाही नाही. पौलाने करिंथकरांना आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्याबद्दल लिहिले (१ करिंथ १४:१५), ते मी शब्दशः घेतो. आपल्या बोलीतले गीत हवे, आणि पद्धत ओळ देण्याची: पुढे उभा असलेला एक ओळ म्हणतो, मंडळी तीच परत म्हणते. ध्रुपद आधी दोनदा, मग कडवे. ओळ लहान हवी. दोन श्वासांची झाली की मागचे लोक शेवट गिळतात.

तापीकाठ, भुसावळ
मावची गीते हवीतच. पण मंडळीतली मुले शिकायला धुळे-नाशिकला जातात, तिथल्या चर्चमध्ये मराठी पुस्तकच हातात येते. तेव्हा ती परकी होतात.

नवापूर-विसरवाडी
शिकायला जाणारी मुले मराठी वाचतात, पुस्तक महिन्याभरात जमेल त्यांना. आजी मात्र मराठी कडवे ऐकून नुसती बसून राहते. आमच्याकडे पहिले गीत मावचीच राहील, दुसरे पुस्तकातले घ्यायला हरकत नाही.

धुळेकर
आणि माइक?

पेटी-तबला, चोपडा
एकच ठेवा, ओळ देणाऱ्यापुढे. मंडळीने ओळ उचलली की त्याने माइकपासून मागे व्हावे.