आक्रमक वागणे आणि औषधांची घाई

बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती अचानक आक्रमक होऊ लागली की तो तिच्या अक्षमतेचाच भाग समजून ताबडतोब औषध सुरू करावे, या मताशी मी सहमत नाही. घरच्यांची हतबलता मात्र मला पूर्णपणे समजते. दुखणे शब्दांत सांगता येत नसेल, तर दाढदुखी, कानाचा संसर्ग किंवा अनेक दिवसांचे बद्धकोष्ठसुद्धा डोके आपटण्यातून किंवा दुसऱ्याला चावण्यातून व्यक्त होऊ शकते, आणि नैराश्यही कित्येकदा उदासीऐवजी चिडचिडीचे रूप घेते.

औषधांबाबत एक महत्त्वाची गोष्ट आहे. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मनोविकृती (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) नसलेल्या पण वरचेवर आक्रमक होणाऱ्या ८६ बौद्धिक अक्षम प्रौढांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडॉल (दोन्ही मनोविकृतीवरची औषधे) आणि काहींना औषधी द्रव्य नसलेली गोळी देण्यात आली होती. चार आठवड्यांनंतर आक्रमकता तिन्ही गटांत घटलेली दिसली आणि सर्वाधिक घट, ७९ टक्के, औषध नसलेल्या गोळीच्या गटात होती. माझ्या मते, नियमित विचारपूस आणि लक्ष यांचाच तो परिणाम असावा. खरी मनोविकृती असेल तेव्हा या औषधांची गरज असतेच, हे मी नाकारत नाही. आणि जे औषध आधीपासून चालू आहे ते कुणी एकाएकी बंद करू नये, कारण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावे लागते.