ग्रीकांचा धर्म कथेत होता की वेदीवर?

पारावरचा:
ग्रीक धर्म म्हटलं की आपण झ्यूसची लफडी आणि ट्रॉयचं युद्ध घेऊन बसतो. माझ्या मते त्या कथा म्हणजे त्यांचा धर्म नव्हेच. त्यांना धर्मग्रंथ नव्हता, 'हे मानलंच पाहिजे' असं बजावणारं पीठ नव्हतं. धर्म होता बळी, नवस, मिरवणुका आणि सणवारांत. इ.स.पू. ४१२ मध्ये युरिपिडीसने 'हेलन' नाटकात दाखवलं की हेलन ट्रॉयला गेलीच नाही, गेली ती देवांनी घडवलेली तिची छाया. ज्या बाईसाठी दहा वर्षं युद्ध झालं तीच तिथे नव्हती! यासाठी त्याला कुणी कोर्टात खेचलं नाही. पण त्याआधी तीनच वर्षं, ४१५ साली, अथेन्समधल्या हर्मिस देवाच्या मूर्ती कुणीतरी रातोरात विद्रूप केल्या, तर शहर हादरलं. धरपकड झाली, काहींना देहदंड झाला. कथा हवी तशी फिरवा, मूर्तीला हात लावायचा नाही.

जाईजुई:
हर्मिसचा दाखला बिनतोड आहे, निष्कर्ष अजिबात पटला नाही. वेदीवर देवाला हाडं आणि चरबीच का द्यायची? प्राचीन कवी हेसिअड सांगतो: मेकोने या ठिकाणी माणसांची बाजू घेणाऱ्या प्रोमिथियसने बैलाचे दोन वाटे केले. एकात चांगलं मांस, पण वर ओंगळ कोथळा. दुसऱ्यात नुसती हाडं, वर चकचकीत चरबी. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला आणि तेव्हापासून मांस माणसांचं झालं. बळी देणाऱ्याला आपण काय करतोय हे या कथेतूनच कळत होतं.

आणि अपोलो देवाचं तीर्थस्थान डेल्फी, तिथला दगड? स्वतःची पोरं गिळणाऱ्या क्रोनसला, म्हणजे झ्यूसच्या बापाला, झ्यूसऐवजी गिळायला दिला तोच हा, असं लोक सांगत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्रवासवर्णनकार पॉसेनियस तिथे गेला, तेव्हा त्या दगडावर रोज तेल ओतत होते, सणाला कच्ची लोकर ठेवत होते. कथा वजा केली तर उरतो एक धोंडा. त्याला तेल कोण घालेल?

पारावरचा:
आधी दगड पूज्य असेल, कथा मागाहून चिकटली असेल. शिवाय तत्त्वज्ञ झेनोफेनीसने तर चोरी, व्यभिचार, फसवणूक देवांच्या माथी मारल्याबद्दल होमर-हेसिअडला झोडपलंच होतं.

सांजवात:
झोडपलं, कारण त्या कथा लोकांच्या मनात घट्ट बसल्या होत्या. प्लेटोला आदर्श नगरात कवींवर लगाम हवा होता तो याचसाठी. ज्याचा कुणावर परिणाम होत नाही, त्याच्यावर कुणी बंदी घालत नाही. अथेन्सजवळच्या एल्युसिसकडे बघा, जिथे डिमीटरचे गुप्त दीक्षाविधी चालत: कथेत लेक हरवलेली ही धान्यदेवी उपाशी फिरते, वाइन नाकारते, सातूचं पेय मागते. तिथे दीक्षा घेणारेही उपास करून तेच पेय घेत. कथा आणि विधी वेगळे काढून दाखवा!

पारावरचा:
एल्युसिसपुरतं मान्य. तरी बघा, डिमीटरची कथा कुणीही, कुठेही गावी. तोंडाला कुलूप होतं ते मंदिराच्या आत जे घडायचं त्याबद्दल. त्याच ४१५ साली अथेन्सचा सेनापती अल्किबायडीस याच्यावर आरोप झाला, तोही त्या गुप्त विधीची घरात नक्कल केल्याचा.