चौथीच्या पोरांना लिहायला शिकवायचं तर चित्रांची कादंबरी की निबंध?

विडी घरकुलच्या बाई:
आमची सोलापुरातली विडी कामगारांची वस्ती, माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड. 'माझी शाळा' निबंध दिला की सगळ्या वह्यांत गाईडमधली तीच 5 वाक्यं. म्हणून जुलैपासून चित्रांची एक कादंबरी रोज थोडी थोडी मोठ्यानं वाचते, चित्राचं पान आलं की मजकूर झाकायचा, पोरं आधी बोलतात, तेलुगूत बोलली तरी चालतं, मग मराठीत 3-4 ओळी लिहितात आणि मगच मजकूर उघडायचा. एका पोरानं गोष्टीतल्या घर सोडून गेलेल्या मुलाला पत्र लिहिलं, "तू परत ये, तुझा आई दार उघडं ठेवून झोपला आहे." उघड्या दाराचं मजकुरात कुठंच नाही ओ, चित्राच्या कोपऱ्यात आहे, ते त्यानं हेरलं! मी तर म्हणते निबंध बंद करून वर्षभर हेच करावं.

जुळे सोलापूरची आई:
"तुझा आई" दुरुस्त केलं की नाही? ज्याच्या घरी मराठी नाही त्याला शाळेतच सांगायला पाहिजे, नाहीतर पाचवीतही तेच लिहिणार आणि मार्क त्याचेच जाणार.

अक्कलकोट रोडचे गुरुजी:
आमची दुशिक्षकी शाळा, 4 वर्ग, पुस्तकाची प्रत एक, मागच्या पोराला चित्र दिसणार कसं? आणि दुसऱ्याच्या गोष्टीवर किती दिवस लिहायचं? पोरांकडं काय कमी आहे, घरात यंत्रमाग खडखडतोय, आई विड्या वळतीय, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे. मी हुरड्याला पोरं शेतात नेली, आल्यावर न सांगता पानभर लिहिलं त्यांनी.

विडी घरकुलच्या बाई:
ताई, त्याच दिवशी लाल पेन नाही लावत, लावलं की दुसऱ्या दिवशी पोरगं 2 शब्दांवर येतं. दुसऱ्या दिवशी नाव न सांगता एक वाक्य फळ्यावर घेते, आता पोरंच ओरडतात "झोपली!". तेलुगूत 'ती आली' आणि 'ते आलं' याला क्रियापद एकच, म्हणून मराठीची 3 लिंगं त्यांना जड जातात, त्यात आळस नाही.
गुरुजी, गड्ड्यावर मीपण लिहायला दिलं होतं. "पाळणे असतात, मजा येते", संपलं. मग गोष्टीत पोरगी जत्रेत हरवते ते प्रकरण वाचलं आणि परत दिलं, तर एकीनं गड्डा भरतो त्या होम मैदानावर आजीचा हात सुटला तेव्हा आजीच्या बांगड्यांचा आवाज शोधत होते असं लिहिलं. प्रत माझ्याकडंही एकच, बाकांमधून फिरवते.

जुळे सोलापूरची आई:
फळ्याचं पटलं. पण वहीत बरोबर वाक्य परत लिहून घ्या, नुसतं ओरडून हाताला वळण लागत नाही.

अक्कलकोट रोडचे गुरुजी:
बांगड्यांचं वाचून थांबलो जरा. तरी वर्षभर मान्य नाही. दिवाळीपर्यंत पुस्तक वाचा, नंतर ते मिटून पोरांनाच कादंबरी काढायला लावा, चित्रांसकट. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पडलाय माझ्याकडं, पाहिजे तर पाठवतो.