मदत हवी आहे: हॉजकिन-हक्सले मॉडेलमध्ये तापमान वाढवलं की स्पाइकच गायब

मंडळी, घाटंजी तालुक्यात बारावीला शिकवतो. मुलांना दाखवायला 1952 चं हॉजकिन-हक्सले मॉडेल पायथॉनमध्ये लिहिलं. माकूळाच्या (स्क्विडच्या) अ‍ॅक्सॉनवरून, म्हणजे चेतातंतूवरून, बनलेली ही समीकरणं; चेतापेशीत विजेचा झटका, म्हणजे स्पाइक, कसा उठतो ते सांगतात. कंडक्टन्सचे (आयन किती सहज वाहतात त्याचे) मूळ आकडेच घेतले: सोडियम 120, पोटॅशियम 36, लीक म्हणजे गळती 0.3 मिलिसीमेन्स प्रति चौरस सेंटिमीटर. तापमान 6.3 अंश, करंट 10 मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर. स्पाइकची रांग छान येते.

मग एका पोरानं विचारलं, "सर, आपल्या इथं त मे महिन्यात 45 राह्यते, मंग?" शरीर आतून 37 च असतं, हे त्याला सांगितलं. पण मलाच राहवलं नाही. क्यू-टेन (दर 10 अंशांमागे वेग किती पट वाढतो तो आकडा) 3 धरून 45 टाकलं, म्हणजे गेटांचे (आयनांच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दारांचे) वेग सुमारे 70 पट. ऑयलर पद्धतीत (छोट्या वेळ-पायऱ्यांनी समीकरण सोडवायच्या) 0.01 मिलिसेकंदाच्या पायरीला आकडे फुटले, म्हणजे बेसुमार वाढले. पायरी 0.001 केली, फुटणं थांबलं, पण स्पाइक नाही. व्होल्टेज जरासं वर जाऊन सपाट. 37 लाही तेच. करंट दुप्पट केला, समीकरणांची चिन्हं दोनदा तपासली. व्होल्टेज आधुनिक पद्धतीतच आहे (विश्रांतीला -65 मिलिव्होल्ट; मूळ लेखात ते 0 धरलं होतं), दोन्हींची मिसळ झालेली नाही.

लॅपटॉप 4 जीबीचा, नेट मोबाईलचं, तेही दुपारी लाइन गेली की टॉवरसकट गुल. त्यामुळे मोठी पॅकेजं किंवा व्हिडिओ सुचवू नका, नमपाय (NumPy, पायथॉनचं आकडेमोडीचं पॅकेज) आहे तेवढंच.

माझा अंदाज असा की माकूळाच्या अ‍ॅक्सॉनचं मॉडेल उष्णतेत खरंच असं बंद पडतं. तो बरोबर आहे, की कोडमध्ये चूक आहे? आणि 37 अंशाला सस्तन प्राण्याची चेतापेशी दाखवायची तर फक्त कंडक्टन्स वाढवून भागेल, की गेटांची समीकरणंच बदलावी लागतील?